बोटं आत्याची, माफी भात्याची

आमच्या घराची बेल सकाळी वाजायची ती कुणी आल्याची नव्हे, आत्या निघाल्याची. चपला घालून, डबा पिशवीत टाकून ती बाहेर पडायची, दार ओढून घ्यायची आणि मग वळून आमचीच बेल दाबायची. एकदाच. आत आम्ही तिघंही असायचो, पण दार उघडायला कुणी उठायचं नाही. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "निघाली." घरात कुणी पाहुणा उतरलेला असला तर तो बिचारा धावत दाराशी जायचा आणि रिकाम्या जिन्याकडे बघत उभा राहायचा.

लहानपणी मला वाटायचं, ही तिची निरोप घ्यायची रीत असेल. एकदा वरच्या पायरीवर बसून मी नीट बघितलं. तिनं डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं, अंगठा उचलला आणि बटण पुन्हा वर आलं का ते वाकून पाहिलं. आलं होतं. मग ती जिना उतरली. लिफ्टचं, मिक्सरचं, टीव्हीच्या रिमोटचं, जगातल्या कुठल्याही बटणाशी तिचा हाच व्यवहार. दाबायचं आणि वर येतंय का बघायचं. कारखान्यात गेल्यावर कामाला लागण्याआधी ती दोन्ही रांगांतल्या यंत्रांची बटणं अशीच दाबून बघत फिरायची, हे मला पुढे कळलं.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. का, असं विचारणाऱ्याला ती म्हणायची, "तुमचं झालंय ना? मग जगाला काय फरक पडला?" ती बिजागऱ्यांच्या कारखान्यात होती. कारखाना म्हणजे एक लांबट शेड, तेलकट फरशी, वर पंखे आणि दोन रांगांत उभे असलेले प्रेस. पत्र्याची पट्टी साच्यात सरकवायची, वरून जडशीळ लोखंड खाली येतं आणि बिजागरीचं एक पान कापून बाहेर पडतं. आपल्या कपाटाचं दार उघडतं मिटतं ते अशा पानांवर.

त्या प्रेसला दोन बटणं असतात. एक डावीकडे, एक उजवीकडे, हात पसरून पोचावं लागेल इतक्या अंतरावर. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय लोखंड खाली येत नाही. म्हणजे लोखंड खाली येईल तेव्हा दोन्ही हात बटणांवर असणार, साच्यात नसणार. बनवणाऱ्यानं डोकं लावून केलेली गोष्ट. पण त्यात वेळ जातो. पट्टी सरकवा, दोन्ही हात मागे आणा, दाबा, पुन्हा पट्टी. मालकाला घाई असली की फोरमन यायचा आणि उजव्या बटणाच्या फटीत लाकडाची पाचर ठोकायचा. उजवं बटण कायमचं दाबलेलं राहायचं. मग डाव्या हातानं नुसतं डावं बटण दाबत जायचं आणि उजव्या हातानं पट्ट्या सरकवत जायच्या. माल दीडपट निघायचा. डाव्या हातानं क्षणभर आधी दाबलं तर काय, हे फोरमनलाही माहीत होतं आणि मालकालाही.

आत्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली तेव्हा मी जन्मलेही नव्हते.

तिला उचलून नेत होते, सगळ्या बाया तिच्याभोवती होत्या, त्या गडबडीत फोरमननं पक्कड घेतली, पाचर उपटली आणि खिशात घातली. संध्याकाळपर्यंत शेडमधल्या एकाही प्रेसमध्ये पाचर उरली नव्हती. चौकशीला माणसं आली तेव्हा बटणं गुणी मुलांसारखी वरखाली होत होती. कागदावर आलं, कामगार महिलेला डुलकी लागली असावी. बाकीच्या बाया पोटाला भिऊन गप्प बसल्या. आत्यानं त्यांना कधी बोल लावला नाही. जखम भरल्यावर ती त्याच शेडमध्ये, त्यांच्याच शेजारी, तपासणीच्या टेबलावर बसायला लागली. पण "डुलकी" हा शब्द तिच्यासमोर कुणी काढायचा नाही. बाबा रविवारी दुपारी सोफ्यावर पेंगायचे तेव्हा आई मला सांगायची, "बाबा जरा पडलेत म्हण."

फोरमनला पाचर खिशात घालताना एकानं पाहिलं होतं. पॅकिंगच्या टेबलावरचा एकोणीस वर्षांचा पोरगा. दम न घेता, लोहाराच्या भात्यासारखा अखंड बोलायचा, म्हणून बायांनी त्याला भाता म्हणायला सुरुवात केली होती. खोकी चिकटवताना तो तोंडानं काहीबाही जुळवत असायचा आणि एक स्वस्तातला टेपरेकॉर्डर खोक्यांमागे ठेवून प्रेसचे आवाज टिपून घ्यायचा. आत्याचा प्रेस त्याला सर्वांत आवडायचा. "ताई, तुमचं मशीन तालात चालतं," असं तो म्हणायचा. चौकशीत त्याला काही विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही. आठवड्याभरात तो काम सोडून गेला.

दोन वर्षांनी रेडिओवर एक गाणं लागलं. आधी नुसता ठोका. ठकठक, ठकठक, ठकठक. आत्या भांडी विसळत होती. ती म्हणाली, "हा माझा प्रेस आहे." आजीनं तिच्याकडे काळजीनं पाहिलं. आणि मग आवाज आला:

*दोन हात, दोन बटणं, असं मशीन सांगतं,*
*एका बटणात पाचर, बोल, कोण ठोकतं?*
*कागद म्हणतो, बाईचा डोळा लागला,*
*डोळा कसला? मालकाला माल जास्त लागला!*

रॅपर भाता त्या दिवसापासून सगळ्यांचा झाला. पण आधी तो आत्याचा होता. त्याच्या आठही अल्बमच्या कॅसेटी, सीड्या, जे जे निघालं ते तिच्या कपाटात साड्यांच्या वरच्या फळीवर. आमच्या घरात सकाळी प्रार्थनेच्या वेळी रॅप लागायचा. बाबा वैतागून म्हणायचे, "ताई, हे गाणं आहे की भांडण?"

"भांडण. म्हणून तर ऐकते. गाणी तुझी तू ऐक."

ती आंधळी भक्त नव्हती. चौथ्या अल्बममध्ये त्यानं बायको सोडून गेल्याचं रडगाणं गायलं तेव्हा म्हणाली, "बाई शहाणी दिसते." सहावा तिला पाठ होता. त्याला पुरस्कार मिळाले, मोठी गाडी आली, दाढी पिकली. भेटायला तो कधी आला नाही, तिनंही कधी बोलावलं नाही. "तो चौकशीत गप्प बसला, तुला राग नाही आला?" मी एकदा विचारलं होतं. तिनं उरलेल्या दोन बोटांत कपाची कड धरून चहा संपवला आणि म्हणाली, "एकोणीस वर्षांचं पोर. तेव्हा नाही बोललं. पण नंतर बोललं ना? आणि असं बोललं की रस्त्यावरच्या माणसाला विचार, पाचर कुणी ठोकली. तो सांगेल."

तेवढंच होतं तिच्या बाजूनं. एक गाणं. कागद फोरमनच्या बाजूनं होता, गाणं तिच्या.

नवा अल्बम आला त्याचं नाव 'मोकळा'. मी फोनवर लावून दिला. आत्या पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा नियम होता, पहिल्यांदा ऐकताना क्रमानं ऐकायचं, मधलं काही गाळायचं नाही, आणि कुणी बोलायचं नाही. बोलायची परवानगी फक्त तिला.

पहिल्या गाण्यावर ती म्हणाली, "स्वतःचंच कौतुक. असू दे. पहिलं तसंच असतं." दुसऱ्यात व्हायोलिनं वाजायला लागली. "कुणाचं लग्न आहे?" तिसरं दुखऱ्या गुडघ्यांवर होतं, की स्टेजवर उडी मारायची सवय जात नाही आणि गुडघे वर येऊ देत नाहीत. ती मोठ्यानं हसली. "हे चांगलंय. हे खरं आहे. पुन्हा लावू या नंतर."

मग ठोका आला. ठकठक, ठकठक. तिच्या हातातला टॉवेल थांबला. तिचा चेहरा असा झाला, जसा घरातलं माणूस स्टेशनाबाहेर येताना दिसल्यावर होतो. 'दोन बटणं', नव्यानं. आवाज खाली उतरलेला, सावकाश, समजूत घातल्यासारखा.

*कोण चुकलं, कोण नाही, हिशेब झाला साफ,*
*गेली बोटं, गेला राग, मालकालाही माफ.*

पाचर नव्हती. फोरमन नव्हता. कागद नव्हता. सबंध गाण्यात एक सायंकाळ होती, एक वाहणारी नदी होती आणि मन मोठं करणं होतं.

"पुन्हा लाव," आत्या म्हणाली.

मी लावलं.

"बंद कर."

मी बंद केलं. तिनं टॉवेलाची घडी पूर्ण केली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मग आपला उजवा हात त्या घडीवर पालथा ठेवला. अंगठा, करंगळी आणि मध्ये मोकळी जागा.

"बोटं माझी," ती म्हणाली, "आणि माफी ह्याची?"

बाबा दारात उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. "ताई, वयाप्रमाणे माणूस शांत होतो गं."

"मग शांत बस म्हणावं. गातोय कशाला?"

"त्यानं मोठ्या मनानं..."

"मन त्याचं, ते करू दे ना मोठं! हात माझा आहे. उद्या तुझ्या घरात कुणी चोरी केली आणि शेजाऱ्यानं चोराला सांगितलं, जा बाबा, केलं माफ, तर तू काय शेजाऱ्याला हार घालशील?" तिचा आवाज चढला की कारखान्यात वाढलेला आवाज असायचा, लोखंडाच्या वरून पोचायची सवय असलेला. "मालक अजून जिवंत आहे. रोज गाडीतून उतरतो, माझ्या टेबलावरून जातो. एका शब्दानं विचारलं नाही त्यानं, की बाई, हात कसा आहे. त्यानं माफी मागितलेली नाही आणि ह्यानं देऊन टाकली! न मागता! घरपोच!"

पेपरात चार दिवस कौतुक चाललं होतं. परिपक्व, समंजस, आणि एकानं लिहिलं होतं, राग ओलांडून पुढे गेलेला कलावंत. आत्यानं मला ते मोठ्यानं वाचायला लावलं.

"ओलांडून गेला म्हणे. आडवी कोण पडली होती? मी. मला ओलांडून गेलाय."

कारखान्यातही दुसरा विषय नव्हता. मी त्या आठवड्यात तिचा विसरलेला डबा द्यायला गेले होते, तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती आणि तपासणीच्या टेबलाभोवती सहासात जणी फोन मध्ये ठेवून बसल्या होत्या. त्यातली एक, जिला सगळ्या चिमणी म्हणायच्या आणि जी अंगानं चांगली आडवी होती, मला बघून म्हणाली, "ये गं. तुझ्या आत्याचं श्राद्ध घालतोय आम्ही. भात्यानं जिवंतपणीच उरकलंय, म्हटलं आपण तरी जेवून घेऊ."

"मी एक जुळवलंय," दुसरी म्हणाली. ती चष्मेवाली, शेडमधली सर्वांत जुनी, अपघाताच्या दिवशी शेजारच्या प्रेसवर असलेली. तिनं टेबलावर बोटांनी ठेका धरला. "बोटं आत्याची, माफी भात्याची! जखम बाईची, गाडी गड्याची!"

"वाऽऽऽ!" सगळ्या ओरडल्या. आत्यासुद्धा हसली, पण तोंडानंच.

चष्मेवालीचा हात मात्र टेबलावर चालूच राहिला. ठकठक, ठकठक. मग ती एकदम थांबली.

"अगं," ती म्हणाली, "ठेका तोच आहे."

"कुठला?"

"त्यानं शब्द बदललेत. ठेका जुनाच ठेवलाय, तुझ्या प्रेसचा. त्याच्या टेपमधला." तिनं चिमणीला ढोसलं. "उठ. लाव मशीन."

साचा न लावलेला एक प्रेस कोपऱ्यात होता. चिमणी त्याच्यासमोर उभी राहिली, फोनवर गाणं सुरू झालं, आणि ती खोटी पट्टी सरकवत, दोन्ही हात मागे आणत, दोन्ही बटणं दाबत गाण्याबरोबर चालवायला लागली. ठक. पट्टी. ठक. पट्टी. गाणं पुढे पळालं. तिनं घाई केली, कपाळावर घाम आला, तरी गाणं पुढेच. दोन्ही हातांनी त्या ठेक्याला गाठताच येत नव्हतं. एक हात रिकामा असल्याशिवाय तो ठेका निघतच नाही.

त्या शेडमधल्या प्रत्येकीला कळलं होतं. तो माफी मागत नव्हता, देत होता, आणि खाली पाचर वाजत होती.

"लोकांना नाही कळणार हे," चष्मेवाली म्हणाली.

"त्याला तर कळायला हवं होतं," आत्या म्हणाली. "खोकी चिकटवली आहेत ना इथे?" आणि पिशवीतून चमचा काढून ती जेवायला बसली. इतक्या रागात ती जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं. एकेक घास तिनं असा चावला, जणू कुणाचा तरी जबाब घेत होती.

महिन्याभरानं फोन आला. आधी कुणी व्यवस्थापक बोलला, मग स्वतः भाता. स्पीकर चालू होता. "ताई," तो म्हणाला. "ओळखलंत ना?"

"रोज ओळखत होते. आता जरा विचार करावा लागतो."

तो हसला. तिच्या बोलण्यातली धार त्याला कळली नाही, किंवा कळून त्यानं बाजूला ठेवली. 'दोन बटणं'चा व्हिडिओ करायचा होता. जुन्या प्रेससमोर तो, आणि त्याच्या शेजारी ती. तिनं बोलायचं काही नव्हतं. हात प्रेसवर ठेवायचा आणि शेवटी त्याच्याकडे बघून मान हलवायची, बस.

"मान कशी हलवायची?" आत्यानं विचारलं. "हो अशी की नाही अशी?"

"तुम्ही पण ना, ताई!"

ती जाणार नाही असं आम्हाला वाटलं. ती गेली. इस्त्रीची साडी नेसली, मला बरोबर घेतलं आणि निघताना बेल दाबून, बटण वर आलेलं बघून मगच जिना उतरली.

शूटिंग एका रिकाम्या गोदामात होतं. भाड्यानं आणलेल्या एका प्रेसला त्यांनी गंजाचा रंग मारला होता. खरा गंज त्याच्या पायाशी होता, त्यावर कुणाचं लक्ष नव्हतं. भाता उठून पुढे आला. पांढरी दाढी, महागाचे बूट, आणि गुडघा खरंच दुखत असावा, कारण वाकून नमस्कार करताना त्यानं खुर्चीचा आधार घेतला. त्या क्षणी आत्याचा चेहरा थोडा सैल झाला. ती म्हणाली, "गुडघ्याचं गाणं चांगलं झालंय." तो मनापासून खूश झाला.

दिग्दर्शक उत्साही होता. त्याला हवं होतं की प्रेस खरोखर चालावा, आत्याचे हात बटणांवर दिसावेत, आणि ठोका नि गाणं एकत्र पडावेत. साचा नव्हता, भीती नव्हती. आत्या प्रेससमोर उभी राहिली. बटणं दाबून बघितली, दोन्ही वर आली. स्पीकरवर गाणं लागलं.

ठक.

ठक.

"मावशी, जरा फास्ट," दिग्दर्शक म्हणाला.

"याहून फास्ट होत नाही."

"गाण्यात होतंय की! ऐका ना. ठकठक, ठकठक."

"गाण्यात पाचर आहे."

"काय आहे?"

"ह्याला विचार," आत्या म्हणाली. तिनं भात्याकडे पाहिलंही नाही.

मी पाहिलं. त्याचं तोंड किंचित उघडं होतं, दम घ्यावा तसं. तो ठेका त्यानं स्वतः टिपला होता, चोवीस वर्षं वाजवला होता, हजारो लोकांना त्यावर नाचवलं होतं. आणि तो आपण कशावर टिपला, हेच विसरला होता. आता ते त्याच्या चेहऱ्यावर एकेका पायरीनं उतरताना दिसत होतं.

"ताई, राहू दे," तो हळूच म्हणाला.

"का राहू दे? तुझ्याच गाण्याला तुझं मशीन पुरत नाहीये. उजव्या बटणात लाकडाचा एक तुकडा ठोकला की लागतंय बरोबर."

सेटवरचा सुतार भला माणूस होता. त्याला वाटलं, एक अडचण आली आणि एक तोडगा निघाला. त्यानं पटकन एका फळीचा तुकडा तासला आणि हातोडीसकट पुढे आला. "ठोकू का, मावशी?"

"तू नको. ह्याला दे. ह्यानं माफ केलंय, ह्यालाच ठोकू दे."

भात्याच्या एका हातात पाचर आली, दुसऱ्यात हातोडी.

"ताई, माझं ऐक," तो म्हणाला. अहोजाहो गळून पडलं होतं. "हा राग मी इतकी वर्षं घेऊन फिरलोय. लोकांना मी चिडलेलाच हवा असतो. मला झोप लागत नव्हती. मला मोकळं व्हायचं होतं. एवढंच."

"मग हो ना! तुझं असेल ते माफ कर. बायको गेली, तिला कर. कुणी तुला फसवलं असेल, त्याला कर. माझी बोटं कशाला घेतलीस?"

"तू कधी म्हणालीस का, माफ करू नकोस म्हणून?"

"तू विचारलंस का?"

तो हातातली पाचर बोटांत फिरवत राहिला. दम न घेता बोलणारा माणूस.

"फोरमननं पाचर काढली तेव्हा तुझे डोळे उघडे होते," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "चौकशीत गप्प बसलास. मी म्हटलं, भ्यायलाय पोरगा. मग गाण्यात बोललास. मी म्हटलं, बोलला. चोवीस वर्षं मी त्यावर काढली रे. कुणी विचारलं की बाई, तुम्हाला डुलकी लागली होती का, तर मी सांगायचे, भात्याचं गाणं ऐका. आता काय सांगू? नदी वाहते म्हणून सांगू?"

तो खाली बघत होता. दिग्दर्शकानं कुणालातरी खूण केली, दिवे मंद झाले. हातोडी त्यानं खुर्चीवर ठेवली. पाचर हातात राहिली. ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना. इकडे तिकडे पाहिलं, प्रेसवर ठेवायला हात नेला, मागे घेतला, आणि मग त्यानं ती आपल्या खिशात घातली.

आत्या ते बघत होती. मीही.

"बघ," ती मला म्हणाली, पण त्याला ऐकू जाईल अशी. "आता दोघं झाले."

आम्ही निघालो. गोदामाच्या दाराशी वीज बंद करायचं मोठं बटण होतं, तेही तिनं जाता जाता दाबून बघितलं, आणि मागे सगळा अंधार झाला. चुकून झालं असं तिनं आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं.

व्हिडिओ आला. त्यात प्रेस नव्हता. गच्चीवर वाऱ्यात उभा असलेला तो एकटाच होता आणि ठेका व्हिडिओपुरता ढोलकाचा केला होता. पाचर त्यानं तिथूनही काढली. अल्बमला वर्षाचा मोठा पुरस्कार मिळाला. आत्यानं त्याचे आठ अल्बम साड्यांवरच्या फळीवरून हलवले नाहीत. नववा घरात पुन्हा लागला नाही. राग निवळला नाही. शेजारच्या काकू समजावायला यायच्या, "सोडून द्या हो ताई, रागानं प्रकृती बिघडते." आत्या म्हणायची, "माझ्या प्रकृतीला मानवतो. तुमच्या सुनेवरचा तुम्ही सोडा, मग बघू."

गेल्या हिवाळ्यात ती गेली. झोपेत, हृदय थांबून. कारखान्यातल्या बाया आल्या, चष्मेवाली तिचा उजवा हात हातात धरून बराच वेळ बसली. मालकाकडून कुणी आलं नाही. भात्यानं फुलांचा एक मोठा गुच्छ पाठवला. बाबांनी, ज्यांना कुणाशी वाईटपणा घेणं जमत नाही, तो उचलून जिन्यात ठेवला आणि दार लावून घेतलं.

हे सगळं मी लिहिलं नसतं. पण मागच्या महिन्यात एका मुलाखतीत त्यानं आत्याचा विषय काढला. डोळे ओले करून म्हणाला, "ताईंनी जाताना मला माफ केलं असेल, असं मन सांगतं." मुलाखत घेणाऱ्यानं मान हलवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

केलं नव्हतं. मी त्या घरात होते. तिनं त्याला माफ केलं नव्हतं, फोरमनला केलं नव्हतं, मालकाला केलं नव्हतं, आणि तिला डुलकी लागली नव्हती. तिच्या वतीनं आणखी एक माफी कुणी वाटून टाकू नये, म्हणून हे लिहिलं.

जाताना ती काही बोललीही नाही. आदल्या संध्याकाळी कामावरून आली, चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. मी टेबलाशी वाचत बसले होते. ती परत दाराबाहेर गेली, बेल एकदा वाजली, थोड्या वेळानं पुन्हा वाजली. मग आत येऊन हात धुता धुता म्हणाली, "बेलचं बटण जरा अडकतंय गं. उद्या कुणाला तरी बोलावून बदलून घे."